मामांचा मिशीवाला गळ

ज्याने आयुष्यात एकदाही मासा तोंडात घातला नाही आणि ज्याच्या आयुष्यात माशाखेरीज दुसरा विषय नाही, असा माणूस अख्ख्या मावळात एकच आहे, आणि तो मला मामेसासरा म्हणून मिळाला आहे. माझ्या बायकोचे हे थोरले मामा. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये उभी हयात घालवून निवृत्त झालेले, बेगडेवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर घर, घरात मामी आणि देव्हारा. या घरात अंडंसुद्धा येत नाही. आलंच तर केकच्या पोटात लपून येतं. चातुर्मासात कांदा-लसूण बंद. आणि असं असताना दर रविवारी सकाळी आंघोळ-पूजा आटोपून, कपाळाला गंध लावून, हातात गळाची काठी घेऊन मामा टाकवे बुद्रुकच्या पुढे धरणाच्या फुगवट्यावर जातात. पकडलेल्या प्रत्येक माशाला ओल्या हाताने धरतात, टूलरूममधल्या पोलादी पट्टीने मोजतात, वहीत टिपतात आणि पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवावं तसं पाण्यात सोडून म्हणतात, "बरं, या मग." मी एकदा विचारलं, "मामा, खायचे नाहीत तर पकडायचे कशाला?" मामा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही शब्दकोडं सोडवता ते काय नंतर खाता?"

बाकीचे गळवाले मोकळ्या पाण्यात कणकेची गोळी टाकून झोपा काढतात. मामांना मोकळं पाणी मान्य नाही. त्यांना लागतं लाकूड. बुडालेल्या बाभळी, पाण्याखालचे खुंट, कुजलेल्या फांद्यांचं जाळं, आणि तिथल्या पर्यटन कॅम्पवाल्याने निळ्या पिंपांवर फळ्या ठोकून केलेली जेटी. त्यामागे त्यांचं एक शास्त्र आहे. "ऑफिसात नवीन माणूस आला की तो आधी पंखा कुठाय ते बघतो की नाही? तसा मासा आधी लाकूड बघतो. वर सावली, पाठीला टेका, आणि समोरून डबा येतोच आहे. उघड्यावर कशाला बसेल तो?" शास्त्र बिनतोड होतं. अडचण एवढीच, की जिथे लाकूड तिथे गळ अडकतो. मग तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ओढायचा, तो तुटायचा आणि गळ धरणाला अर्पण करून घरी यायचं. टूलरूममध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागासाठी भांडलेल्या माणसाला हा अपमान सोसणं शक्य नव्हतं. मामांनी निवृत्तीची पहिली दोन वर्षं एकाच संशोधनात घातली: लाकडात न अडकणारा गळ. परदेशात असले गळ तयार मिळतात, त्यांना जिग म्हणतात, हे त्यांना नंतर कळलं, पण तोवर त्यांचा स्वतःचा तयार झाला होता आणि बाजारातला त्यांनी "हाताळला. ठीक आहे," एवढं प्रशस्तिपत्रक देऊन ड्रॉवरमध्ये टाकला.

हा मामांचा गळ म्हणजे शिशाचा हरभऱ्याएवढा गोळा, त्यातून निघालेला आकडा, आकड्याभोवती झिरमिळ्यांचा झगा, आणि मुख्य म्हणजे आकड्याच्या टोकापुढे ताठ केसांचा एक झुबका. ही मिशी. लाकूड आलं की आधी मिशीला लागतं, मिशी वाकते, गळ घसरून पलीकडे जातो. माशाने तोंड मिटलं की मिशी दबते आणि टोक रुततं. "मिशी इतकी कडक हवी की लाकूड दबकलं पाहिजे," मामा सांगतात, "आणि इतकी मऊ हवी की माशाला नुसत्या गुदगुल्या झाल्या पाहिजेत." हा कडक-मऊपणा साधण्यासाठी त्यांनी काय काय वापरलं नाही! खराट्याच्या काड्या तुटल्या. रंगाऱ्याच्या ब्रशचे केस पाण्यात लोळले. शेवटी उत्तर सापडलं ते न्हाणीघरात. एकदा आम्ही दोन दिवस मुक्कामाला होतो. सकाळी दात घासायला गेलो तर माझ्या ब्रशच्या मधल्या दोन ओळी गायब. दात पडलेल्या माणसासारखा तो ब्रश माझ्याकडे बघत होता. मी बाहेर आलो तर मामा चिमट्याने काहीतरी ओवत बसलेले. वर न बघता म्हणाले, "तुमचा मीडियम निघाला, जावईबापू. शेवाळाला चालेल. लाकडाला हार्ड लागतो. पुढच्या वेळी येताना हार्ड आणा." तेव्हापासून आमच्या नात्यातले सगळे लोक मामांकडे राहायला जाताना टूथब्रश उशाशी घेऊन झोपतात.

शिशाची सोय त्यांनी हायवेवरच्या टायरवाल्यांकडे केली होती. चाकांना लावायची, पडलेली-झडलेली शिशाची वजनं ते लोणावळ्यापर्यंतच्या गॅरेजांतून गोळा करत आणि ती वितळवायला मामींचं फोडणीचं कढलं घेत. मामींनी ते कढलं कायमचं त्यांना देऊन टाकलं आणि नवं आणून कुलुपात ठेवलं. झग्याची गोष्ट मात्र एवढ्यावर भागली नाही. लोणावळ्याला मामींच्या भाचीचं लग्न होतं. मामींनी ठेवणीतला मोरपंखी ब्लाउज काढला. पाठीवर बांधायच्या दोन नाड्या, नाड्यांना रेशमी गोंडे. कार्यालयात पोचल्यावर कुणीतरी म्हणालं, "वहिनी, तुमचा एक गोंडा पडला वाटतं." मामींनी हात मागे नेला आणि मग फक्त मामांकडे पाहिलं. मामा अक्षता हातात धरून उभे होते. अत्यंत हळू आवाजात म्हणाले, "मरळ माशाला मोरपंखी फार आवडतो. दुसरा घेणार नव्हतो." मंगलाष्टकं संपेपर्यंत मामी काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर जे बोलल्या ते शेजाऱ्यांनी मला सांगितलं.

मामांची आणि माझी पहिली भेटही गळामुळेच लक्षात राहिली. लग्न ठरण्यापूर्वी थोरल्या मामांच्या पाया पडायला म्हणून मला तिथे नेलं होतं. मी नवी पँट घालून, गडबडीत बूटही न काढता, खुर्चीत ताठ बसलो होतो. चहा यायचा होता. तेवढ्यात माझ्या दोन बुटांच्या मधून काहीतरी केसाळ वस्तू तुरुतुरु पळत गेली. मी पाय वर घेणार, तोच आतल्या दारातून आज्ञा आली, "हलू नका! सध्या तुम्ही बाभूळ आहात." दारात मामा काठी घेऊन उभे. दिवाणखान्यात दोन खुर्च्या उलट्या टाकलेल्या, सोफ्याखाली झाडू आडवा, आणि या बुडालेल्या जंगलातून ते गळ फिरवण्याचा सराव करत होते. तो गळ माझ्या डाव्या बुटावर चढला, थांबला, थरथरला आणि हळूच पलीकडे उतरला. मामांचा चेहरा उजळला. "मुलगा चांगला आहे," ते आत वळून म्हणाले, "लेस बांधलेली असून अडकला नाही." माझं लग्न त्या वाक्यावर ठरलं, असं माझी बायको अजून सांगते.

या सरावातून त्यांनी एक नियम काढला आहे आणि तो ते संसारात सगळीकडे लावतात: अडकलं की ओढायचं नाही. सैल सोडायचं, थांबायचं, आणि मग वरच्या अंगाला अलगद उचलायचं. बॅगेची चेन अडकली, सैल सोडा. हायवेला गाड्या तुंबल्या, सैल सोडा, चहा घ्या. मामींशी वाजलं तरी ते सैल सोडून अंगणात जाऊन बसतात. फक्त तिथे अलगद वर उचलायचं काम मामी करतात, आणि अलगद करत नाहीत. एकदा जेटीवर पुण्याहून आलेले चार-पाच हौशी तरुण भेटले. त्यांच्या काठ्या माझ्या मोटरसायकलपेक्षा चकचकीत. गळांना डोळे होते, शेपट्या होत्या, एक तर पाण्यात पडला की शिट्टी वाजवायचा. तासाभरात त्यातले निम्मे पाण्याखालच्या फांद्यांवर दिवाळीच्या कंदिलांसारखे लटकले. पोरं काठ्या वाकवून ओढतायत आणि मामा जेटीच्या दुसऱ्या कडेवरून ओरडतायत, "ओढू नका हो! लाकडाला राग येतो!" शेवटी न राहवून ते गेले, त्यांच्या हातून एकेक काठी घेतली, तंगूस सैल सोडला, दोन पावलं डावीकडे सरले, एक झटका वर दिला, आणि सहांपैकी चार गळ सोडवून दिले. पोरांनी विचारलं, "काका, तुम्ही कोणता ब्रँड वापरता?" मामांनी आपला गळ दाखवला आणि निर्विकारपणे म्हणाले, "मिशी जावयाची, झगा बायकोचा."

मला मात्र या विद्येत गती नाही. मी दोन वर्षं दर महिन्याला एकदा तरी मामांबरोबर जातो आहे, आणि अडकू न शकणारा गळ अडकवून दाखवणारा मी एकमेव माणूस आहे असं त्यांच्या वहीत लिहिलेलं मी वाचलं आहे. त्यांची स्वतःची काठी तर त्यांनी मला कधी हातात धरूही दिली नाही. "काठी म्हणजे चष्मा आहे," म्हणतात, "एकाचा दुसऱ्याला चालत नाही." लाकडाला गळ लागला की एक सुकी ठक येते, दगडाला लागला की कर्र, आणि माशाने घेतला की टक-टक, हे त्यांना तंगुसातून कळतं. मला सगळं सारखंच लागतं.

याच पाण्याच्या काठाला मामांना आबा भेटले. आबा वर टेकाडावर पत्र्याच्या घरात राहायचे, वय मामांपेक्षा दहा-बारा वर्षांनी जास्त, धोतर आणि डोक्याला टॉवेल. मामा एकदा नव्या जागी मन लावून गळ टाकत होते, तर मागच्या दगडावरून आवाज आला, "सायब, तितं काय गावायचं न्हाई. तितं आमचा उकिरडा व्हता."

मामा वळले. आबा शांतपणे पुढे म्हणाले, "जरा डाव्या अंगाला टाका. तितं बाभळ हाय. म्हंजी व्हती."

मामांनी डावीकडे टाकला. ठक. "आहे," मामा म्हणाले.

"आसंलच," आबा म्हणाले, "लय चिवट व्हती."

धरण भरलं तेव्हा आबांचं जुनं घर, गोठा आणि अंगण पाण्याखाली गेलं होतं. नकाशा मात्र त्यांच्या डोक्यात कोरडाच राहिला होता. त्या दिवसापासून दोघांची भागीदारी सुरू झाली. आबा दगडावर बसून सांगायचे, "आता शेवग्याला टाका, पर त्यो तकलुपी, मोडला आसंल," आणि मामा गळाने चाचपून उत्तर द्यायचे, "मोडलाय. खुंट आहे." घरी येऊन मामांनी आलेखाच्या कागदावर आबांच्या अंगणाचा नकाशा काढला, अगदी टूलरूमच्या शिस्तीत. गोठा, उकिरडा, बाभूळ एक, बाभूळ दोन, शेवगा (भग्न). गळ लागून खातरजमा झालेली झाडं ठसठशीत शाईत, नुसती आबांनी सांगितलेली झाडं तुटक रेघेत. हळूहळू सगळी शाईत आली. एकच झाड तुटक राहिलं: गोठ्यापुढचा आंबा. तो काठापासून फार लांब आणि खोल होता.

मग आबांची नजर जाऊ लागली. काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती नजर परत यायची नाही, उरली ती टिकते का बघू. आबा एकटेच राहायचे. तेव्हा सुदुंबऱ्याला दिलेल्या मुलीने ठरवलं की आता त्यांना आपल्याकडे न्यायचं. ती न्यायला आली तो रविवारच होता आणि मी मामांबरोबर होतो. आबांनी काठीने दगड चाचपला, पण बसले नाहीत. म्हणाले, "सायब, जाताना येक इचारू? आमचा आंबा हाय का न्हाई, येवढं बघून द्या."

मामांनी कॅम्पवाल्याकडून जेटीच्या पार टोकाला जायची परवानगी काढली. डुलत्या पिंपांवरून आम्ही आबांना दोन्ही बाजूंनी धरून नेलं. मुलगी काठावरून ओरडत होती, "आबा, पडशीला!" आबा म्हणाले, "पडलो तर आपल्याच अंगणात पडंन, तू भाकऱ्या बघ जा." मामांनी नकाशा उलगडला, दिशा धरली आणि गळ फेकला. पाण्यात तो उतरताना मामा नेहमी आकडे मोजतात. बारा झाले, चौदा झाले, काही नाही. दुसऱ्यांदा चिखल. तिसऱ्यांदाही चिखल. आबा मान कलती करून ऐकत होते. मामांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळून नाकावर आलं. आठव्या की नवव्या वेळी मामा एकदम ताठ झाले. ठक.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि जी काठी दोन वर्षांत माझ्या हाती लागली नव्हती ती आबांच्या हातात दिली. वर स्वतःचा हात ठेवला. "हळू उचला. आता सोडा. लागलं?"

"लागलं," आबा म्हणाले. मग काठीवर मूठ आवळून, "बुंध्याला बेचकं हाय का? आमी त्यात बसून कैऱ्या खायचो."

मामांनी आबांचा हात धरून गळ वर सरकवला. तो लाकडावर चढला, घसरला, आणि पुन्हा एकदा, जरा खाली, ठक झालं. दोन फांद्यांच्या मधे तो जाऊन बसला होता. आबांचं तोंड उघडं राहिलं. "हाय," ते म्हणाले, "हाय की वो!" आणि पुढच्याच क्षणी काठी वाकली. आबा किंचाळले, "सायब! आंबा वढतोय मला!"

ज्या माणसाने जन्मभर "ओढू नका" याखेरीज दुसरा उपदेश केला नाही, तो माणूस त्या डुलत्या जेटीवर नाचत ओरडू लागला, "ओढा! आबा, ओढा! सैल सोडू नका! जावईबापू, धोतर धरा त्यांचं!" मी आबांचं धोतर धरलं, मामांनी आबांना धरलं, आणि पाच मिनिटं ती जेटी, आम्ही तिघे आणि पाण्याखालचं ते झाड यांची अशी काही ओढाताण झाली की हातातली कामं टाकून सगळे कॅम्पवाले काठावर जमा झाले. शेवटी फळ्यांवर येऊन पडली ती दंडाएवढी मरळ. काळी, चमकदार आणि फार चिडलेली.

मामांनी सवयीने हात ओला केला, पट्टी लावली, आकडा मोठ्याने वाचला. मग तिला उचलली आणि तोंडातून "बरं, या..." एवढं निघालंही. आबांनी आवाजाकडे मान वळवली. "सोडताय व्हय?" ते म्हणाले. मागत नव्हते, नुसतं विचारत होते. "माज्या आंब्याखालची हाय ती."

मामांच्या वहीत शेकडो मासे होते आणि त्यातला एकही मेला नव्हता. याचा त्यांना केवढा अभिमान होता ते मला ठाऊक होतं. मरळ त्यांच्या हातात शेपटी मारत होती. अखेर ते म्हणाले, "झाड तुमचं, आबा. त्याला लागलेलंही तुमचंच." आणि मरळ त्यांनी माझ्या हातात दिली, कारण पुढचं बघणं त्यांना जमणार नव्हतं. मुलीने चुलीवर कालवण टाकेपर्यंत मामा घरामागे जाऊन उगाच करवंदीच्या जाळ्या बघत होते.

जेवायला आम्ही एका ओळीत बसलो. मामांना पिठलं-भाकरी, आबांना भाकरी आणि त्यांच्या अंगणातलं कालवण. आबांनी पहिला घास चाचपत घेतला आणि थबकले. काटा. मुलगी चुलीपाशी होती. मी पुढे होणार, तोच मामांनी खिशातून चिमटा काढला, ज्याने ते मिशा ओवतात तो. स्वच्छ धुऊन आणला. आबांचं ताट जवळ ओढलं, चष्मा कपाळावर चढवला, आणि ज्या माणसाने आयुष्यात शिजलेल्या माशाला बोट लावलं नव्हतं तो एकेक तुकडा उजेडात धरून, उलटापालटा करून, त्यातले काटे वेचू लागला. टूलरूममध्ये माल तपासतात तसं. तुकडा पास झाला की आबांच्या हाताशी ठेवायचा आणि म्हणायचं, "घ्या." आबा खात होते. मामांचं पिठलं गार होत होतं.

गाडीत बसल्यावर टाकव्यापर्यंत मामा चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "मामींना काट्यांचं सांगू नका. मरळीचं मी सांगीन." पुढे रेल्वेचं फाटक लागलं तेव्हा पुन्हा म्हणाले, "फार बारीक असतात हो काटे. डोळे असलेल्या माणसालाही कठीण."

आबा आता सुदुंबऱ्याला असतात. दिसत जवळजवळ नाहीच, पण तब्येत खणखणीत आहे. मामा अजून दर रविवारी जातात. नकाशातला आंबा शाईत आला आहे. पहिला गळ ते जेटीच्या टोकावरून त्या आंब्यालाच टाकतात, मासा लागायच्या आत काढूनही घेतात, आणि मग फोन लावतात. परवा मी शेजारीच उभा होतो.

"आबा, आहे हो," मामा म्हणाले.

"बेचक्यापातूर गेला व्हता का गळ?"

"गेला होता."

"बरं," आबा म्हणाले.

त्यानंतर फोन कुणीच ठेवला नाही. मामा तो कानाला लावून पाण्याकडे बघत होते. पलीकडून सुदुंबऱ्यातल्या कुठल्याशा ट्रॅक्टरचा आवाज येत होता आणि त्यात अधूनमधून आबांचा श्वास.